पिस्काटवेच्या शाळेतली एक जागा

गावातील नोकऱ्यांत अल्पसंख्याकांना वाटा कसा द्यावा, हा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाही. आपल्यापैकी पुष्कळजण पिढ्यान्‌पिढ्या अशा शहरांत राहत आले आहेत की जेथे आपली भाषा बोलणारे थोडे, आणि आपल्या उपासनेला येणारे त्याहून थोडे. नगरपालिकेच्या कचेरीत, शाळेत, पोस्टात कोणाची माणसे बसली आहेत, हे अशा ठिकाणी लहान मुलालाही ठाऊक असते. पण स्वतःच्या गावाचा प्रश्न वर्गात घेतला की चर्चा लवकर तापते, विचार मागे पडतो आणि माणसांची नावे पुढे येतात. म्हणून या महिन्याच्या अभ्यासासाठी आम्ही मुद्दाम दूरचे उदाहरण घेतले आहे. ते अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातले आहे, आणि त्यातील घटना न्यायालयाच्या कागदपत्रांत नमूद असल्यामुळे ऐकीव गोष्टींवर भिस्त ठेवण्याचे कारण नाही. प्रौढांच्या वर्गाला आणि मोठ्या मुलामुलींच्या वर्गाला ते सारखेच उपयोगी पडेल. दोन रविवार लागतील असा आमचा अंदाज आहे.

प्रथम त्या प्रदेशाची ओळख करून घेऊ. न्यू यॉर्क शहरातून पश्चिमेस हडसन नदी ओलांडली की न्यू जर्सी राज्य लागते. त्यातील सर्वांत मोठे शहर नेवार्क. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत तेथील गोरी कुटुंबे भराभर उपनगरांत राहावयास गेली. दक्षिणेकडून कामधंद्यासाठी आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे शहरातच राहिली, कारण उपनगरांत घर भाड्याने वा विकत देण्यास मालक तयार नसत. नवे कारखाने, नवी दुकाने, नव्या शाळा मात्र उपनगरांत उघडत गेल्या. १२ ते १७ जुलै १९६७ या दिवसांत नेवार्कमध्ये मोठी दंगल उसळून २६ माणसे मेली. १९८० च्या जनगणनेत या शहरातील सुमारे ५८ टक्के वस्ती कृष्णवर्णीयांची होती.

या नेवार्कच्या समोर, पसेइक नदीच्या पलीकडच्या काठावर हॅरिसन नावाचे लहानसे गाव आहे. दोहोंच्या मध्ये फक्त पूल. १९८० साली हॅरिसनची लोकसंख्या सुमारे १२ हजार होती, आणि त्यात कृष्णवर्णीयांचे प्रमाण हजारी दोन इतके होते. गावाचा नियम असा की, गावाची नोकरी गावात राहणाऱ्यालाच मिळेल. १९८९ साली गावाच्या सेवेत ५१ पोलीस, ५५ अग्निशामक जवान आणि ८० इतर नोकर होते. त्यांत कृष्णवर्णीय एकही नव्हता.

आता हा नियम वाचला तर त्यात वर्णाचा एक शब्द नाही. गावच्या पैशातून गावच्या माणसाला पगार, यात काय वावगे, असे कोणालाही वाटेल. आपल्याकडेही ‘स्थानिकांना प्राधान्य’ म्हटले की माना डोलावतात. पण पूल ओलांडून पायी येता येईल इतक्या अंतरावर राहणाऱ्या हजारो कृष्णवर्णीयांना ज्या गावात घर मिळत नव्हते, त्या गावाने ‘घर असेल त्यालाच नोकरी’ म्हणावे, म्हणजे एक कुलूप दुसऱ्या कुलपाला राखण बसवल्यासारखे झाले. एन. ए. ए. सी. पी. या कृष्णवर्णीयांच्या जुन्या संस्थेच्या नेवार्क शाखेने हॅरिसनवर दावा लावला. गावाने बचावात सांगितले की गावकऱ्याला गावाविषयी आपलेपणा असतो, अडीअडचणीला तो लवकर धावून येतो. न्यायालयाने विचारले, हे काम गावात न राहणाऱ्याला करताच येणार नाही काय? त्याला पटेल असे उत्तर गावाला देता आले नाही. १९९० साली खालच्या न्यायालयाने आणि १९९१ साली अपील न्यायालयाने नियम अडवला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच असा लावला होता की, नियम करणाऱ्याच्या मनात काय होते एवढेच पाहून भागत नाही. नियमाने कोण बाहेर राहतो आणि कामासाठी त्या नियमाची खरोखर गरज आहे काय, हेही पाहावयाचे.

येथे एक पुरवणी जोडली पाहिजे, नाहीतर हॅरिसनचा निकाल फार सोपा वाटेल. त्याच राज्यातील बेयोन या शहराने आपला असाच नियम काही वर्षे स्थगित ठेवला होता. तरी कृष्णवर्णीय नोकरांच्या संख्येत म्हणण्यासारखी वाढ झाली नाही. पुढे शहराने नियम पुन्हा लागू केला, पुन्हा दावा झाला, आणि १९९८ साली अपील न्यायालयाने यावेळी शहराच्या बाजूने निकाल दिला. नियमामुळेच लोक बाहेर राहत होते, हे आकड्यांनी सिद्ध होईना. आम्हाला यात नवल वाटत नाही. जेथे आपल्याला कधी कोणी घेतले नाही तेथे अर्ज करावयास माणूस जात नाही. दार उघडे आहे हे त्याला कोणीतरी जाऊन सांगावे लागते, आणि एकदा सांगून भागत नाही.

हे जाऊन सांगण्याचे काम ज्यांनी कागदावर तरी पत्करले, त्या पिस्काटवे गावाकडे आता वळू.

पिस्काटवे हे नेवार्कच्या नैर्ऋत्येस सुमारे पंचवीस मैलांवरचे उपनगर. वस्ती १९९० साली ४७ हजारांच्या आसपास. रटगर्स विद्यापीठाचा मोठा भाग याच गावच्या हद्दीत येतो. शेजारचे एडिसन आणि हे पिस्काटवे येथे आता भारतीयांची इतकी दाट वस्ती आहे की आपल्या वाचकांपैकी कोणाचा मुलगा, भाची किंवा जावई तेथे असण्याचा पुष्कळ संभव आहे. तेथील शाळा एक निवडलेले मंडळ चालवते. न्यू जर्सीच्या राज्य शिक्षण मंडळाने हुकूम काढला की प्रत्येक गावच्या शाळा-मंडळाने समान संधीसाठी योजना करावी. त्याप्रमाणे पिस्काटवेने १९७५ साली योजना केली. ती चांगली ५२ पानांची होती. १९८३ साली तिच्या जोडीला एका पानाचे धोरणही मंजूर करण्यात आले. अशा योजनांना अमेरिकेत ‘अफर्मेटिव्ह अॅक्शन’ म्हणतात. मागे ठेवल्या गेलेल्यांना पुढे आणण्यासाठी आपण होऊन पाऊल उचलावयाचे, असा त्याचा भावार्थ.

या योजनेत काय होते ते शिक्षकांनी नीट लक्षात घ्यावे. राखीव जागा नव्हत्या. इतके टक्के अमुक वर्णाचे हवेत, असे कोठे लिहिलेले नव्हते. मंडळाने दोन गोष्टी पत्करल्या होत्या. पहिली ही की प्रत्येक जागेसाठी अल्पसंख्याक उमेदवारांनी अर्ज करावेत म्हणून नेटाने खटपट करावयाची, म्हणजे इतरांबरोबर त्यांचीही योग्यता पाहिली जाईल. दुसरी अशी की निवड नेहमी सर्वांत योग्य उमेदवाराचीच करावयाची. मात्र दोन उमेदवार योग्यतेने सारखे दिसले तर योजनेत बसणाऱ्याची शिफारस करावयाची. आमच्या मते पहिले कलम फार मोलाचे होते. वर्तमानपत्रांनी मात्र पुढे सारा गाजावाजा दुसऱ्याचाच केला.

१९८९ च्या मे महिन्यात मंडळाने ठरवले की पिस्काटवे हायस्कूलच्या वाणिज्य विभागातून एक शिक्षक कमी करावयाचा. न्यू जर्सीच्या कायद्याने यात मंडळाचे हात बांधलेले आहेत. जो कायम झालेला नाही तो आधी जातो. कायम असलेल्यांत ज्याची नोकरी सर्वांत कमी वर्षांची, तो जातो. मर्जी चालत नाही. पण वाणिज्य विभागाच्या यादीत सर्वांत खाली दोन शिक्षिका होत्या, आणि त्या दोघी १९८० साली एकाच दिवशी रुजू झाल्या होत्या. एक गोरी, एक कृष्णवर्णीय. त्यांची नावे निकालात व वर्तमानपत्रांत आली आहेत, पण आपल्या अभ्यासाला त्यांची गरज नाही. मंडळाने दोघींचे काम पाहिले आणि दोघी सारख्याच योग्य असे ठरवले. कृष्णवर्णीय शिक्षिका ही त्या विभागात तिच्या समाजाची एकटीच होती.

असे बरोबरीचे प्रसंग मंडळावर पूर्वी आले होते, तेव्हा चिठ्ठ्या टाकून निकाल लावला होता. पण त्या वेळी दोन्ही बाजूंची माणसे एकाच वर्णाची होती. यावेळी अधीक्षकांनी सुचवले की आपली योजना लागू करावी, आणि मंडळाने मते घेऊन तसे केले. गोऱ्या शिक्षिकेला घरी पाठवण्यात आले. कारण विचारता मंडळाच्या बाजूने सांगण्यात आले की आपल्या शाळेत नाना वंशांची मुले आहेत. शिकवणारेही तसेच असावेत, हे मुलांच्या शिक्षणाला हितकर आहे.

पहिल्या रविवारी शिक्षकांनी येथेच थांबावे असे आम्ही सुचवतो. पुढे काय झाले ते सांगू नये. वर्गाचे तीन गट करावेत. एका गटाने मंडळाच्या जागी बसावे, आणि दोन गटांनी त्या दोन शिक्षिकांच्या. प्रत्येक गटाने आपले म्हणणे चार-पाच वाक्यांत मांडावे. बहुधा कोणीतरी म्हणेल की दोघींनाही अर्ध्या पगारावर ठेवावे. ही सूचना हसण्यावारी नेऊ नये. पण त्याला विचारावे की मग विभागातल्या जुन्या शिक्षकांनीही थोडा पगार का सोडू नये? बोजा दोघींवरच का? हा प्रश्न जितका वेळ खाईल तितका खाऊ द्यावा, कारण आमच्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म तेथेच आहे.

कृष्णवर्णीय शिक्षिकेचा गट सहसा गप्प बसतो, असे होऊ देऊ नये. जिची नोकरी वाचली तिला काय म्हणावयाचे असणार, असे मुलांना वाटते. पण नऊ वर्षे शिकवल्यानंतर ‘तू वर्णामुळे राहिलीस’ असे सगळ्या देशाने तिला ऐकवले. तिच्याजवळ पदव्युत्तर पदवी होती आणि दुसरीजवळ ती नव्हती, हे पुढे वर्तमानपत्रांत आले. मंडळाने मात्र दोघींना सारख्या म्हणून टाकले होते. आपल्या गुणांनी उभ्या असलेल्या माणसाला उपकाराने उभे केल्यासारखे दाखवणे, हीही एक इजाच आहे. चांगल्या हेतूने काम करणाऱ्यांच्या हातून ती फार वेळा होते.

आता पुढची हकीकत. गोऱ्या शिक्षिकेने केंद्र सरकारच्या आयोगाकडे तक्रार नेली, आणि १९९२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या न्याय खात्याने शाळा-मंडळावर खटला भरला. त्यावेळी थोरले बुश अध्यक्ष होते. त्याच साली जागा रिकामी होताच तिला परत कामावर घेण्यात आले, पण गेलेल्या पगाराचा आणि तत्त्वाचा प्रश्न उरला. १९९३ साली न्यायाधीश मेरीअॅन ट्रम्प बॅरी यांनी तिच्या बाजूने निकाल देऊन सुमारे १ लाख ४४ हजार डॉलर भरपाई ठरवली. १९९४ मध्ये, क्लिंटन अध्यक्ष झाल्यावर, न्याय खात्याने बाजू बदलली आणि ज्या मंडळावर खटला भरला होता त्याचीच कड घ्यावयाची ठरवली. सरकार बदलले की सरकारी वकिलांना सत्य दुसऱ्या बाजूला दिसू लागते, हे आपल्याकडेच घडते असे नाही.

अपील न्यायालयाच्या बारा न्यायाधीशांनी एकत्र बसून १९९६ च्या ऑगस्टमध्ये निकाल दिला. आठ विरुद्ध चार. बहुमताचा निकाल न्यायाधीश कॅरोल लॉस मॅन्समन यांनी लिहिला. त्यांनी मंडळाची जी उणी काढली ती तीन होती. नोकरीत वर्ण पाहण्याची मुभा कायदा देतो ती जुन्या भेदभावाची भरपाई करण्यापुरती. पिस्काटवेच्या शाळांत तसा भेदभाव झाल्याचे कोणी म्हणत नव्हते, आणि सर्व शाळा मिळून पाहिल्यास कृष्णवर्णीय शिक्षकांची संख्या कमीही नव्हती. पुढे, योजनेला सीमा नव्हती. किती काळ चालवावयाची आणि कोठे थांबावयाचे, हे बावन्न पानांत कोठेही नव्हते. आणि शेवटी, ज्या माणसावर योजनेचा भार पडला तिची नोकरीच गेली, आणि हे फार झाले.

हा शेवटचा मुद्दा नवा नव्हता. मिशिगन राज्यातील जॅक्सन गावच्या शाळा-मंडळाचे असेच प्रकरण १९८६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. तेथे शिक्षकांच्या संघटनेशी करारच झाला होता की कपातीच्या वेळी अल्पसंख्याक शिक्षकांचे प्रमाण घटू द्यावयाचे नाही; त्यामुळे जास्त वर्षे झालेले काही गोरे शिक्षक घरी गेले आणि त्यांच्यामागून आलेले कृष्णवर्णीय राहिले. न्यायालयाने ती तजवीज रद्द केली. न्यायाधीश पॉवेल यांनी तेव्हा जो भेद केला तो वर्गात समजावून सांगण्यासारखा आहे. नोकरीत घेताना कोणाला झुकते माप दिले तर त्याचा भार अनेक अनोळखी उमेदवारांवर थोडाथोडा वाटला जातो; त्यातील प्रत्येकाला दुसरीकडे अर्ज करता येतो. नोकरीवरून काढताना मात्र सगळा भार एका माणसाच्या डोक्यावर पडतो. त्याचे घर, त्याचे हप्ते, त्याची वर्षे, सर्व त्या एका जागेला बांधलेले असते.

आम्हाला हा भेद पटतो. तरीपण विरुद्ध मत देणाऱ्या चार न्यायाधीशांचे म्हणणे ऐकल्यावाचून पुढे जाऊ नये. मुख्य न्यायाधीश डोलोरेस स्लोव्हिटर यांनी साधा प्रश्न केला. दोघींपैकी एक जाणारच होती. मंडळाने कारण देऊन निवड केली ती बेकायदा, आणि चिठ्ठी टाकली असती तर ती मात्र कायदेशीर, हे कसे? चिठ्ठीला मुलांच्या शिक्षणाविषयी काय कळते? गोऱ्या शिक्षिकेला नोकरीचा हक्क होता असेही नाही. तिला होती ती अर्धी संधी. या प्रश्नाचे पुरे उत्तर बहुमताच्या निकालात सापडते असे आम्हाला वाटत नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना येथे प्रेषितांच्या कृत्यांतील दोन प्रसंग आठवल्यावाचून राहणार नाहीत. पहिल्या अध्यायात दोन सारख्या योग्यतेची माणसे पुढे आली, तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाची नेमणूक झाली. सहाव्या अध्यायात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची कुरकुर उठली की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. तेव्हा मात्र चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. सात जण निवडले, आणि स्तेफनापासून अंत्युखियाच्या नीकलावापर्यंत सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटणी दिली, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पण बारांपैकी कोणालाही उठवले नाही, हेही वर्गाच्या लक्षात आणून द्यावे. सात जागा नव्या केल्या.

आपल्या भागातील वाचक आणखी एक गोष्ट विचारतील ती राखीव जागांची. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढला आणि संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना निम्म्या जागा ठेवल्या. तो हुकूम आणि पिस्काटवेची योजना यांत अंतर मोठे आहे. शाहूंनी प्रमाण ठरवून दिले, पिस्काटवेने ठरवले नाही; पुढे भारताच्या संविधानाने राखीव जागांना सोळाव्या कलमात आधार दिला, तर अमेरिकेच्या कायद्याने ‘अमुक इतके घ्याच’ असे बंधन घालण्याचे टाळले. पण त्या हुकमातील एक शब्द आपल्या विषयाशी जुळतो. निम्म्या जागा म्हणजे त्या तारखेपासून पुढे रिकाम्या होतील त्या जागांपैकी निम्म्या. बसलेल्या कारकुनाला उठवा, असे त्यात म्हटले नव्हते. सरकारी नोकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या एकाच वर्गाचा भरणा असलेल्या संस्थानात हा केवढा संयम होता, आणि तरीही केवढा ओरडा झाला, हे मराठी वाचकाला सांगावयास नको.

पिस्काटवेची अडचण आम्हाला वाटते ती येथे आहे. १९७५ सालीच त्यांनी लिहून ठेवले होते की प्रत्येक जागेसाठी अल्पसंख्याकांचे अर्ज यावेत म्हणून खटपट करू. चौदा वर्षांनंतर वाणिज्य विभागात कृष्णवर्णीय शिक्षिका एकच होती. एका विभागापुरते बोलत आहोत, हे खरे. पण जेथे तीन-चार असते तेथे एकीच्या जाण्या-राहण्यावर मुलांचे हित अवलंबून राहिले नसते. रिकाम्या जागा येतात तेव्हा जे काम थोडेथोडे व्हावयाचे, ते एका बैठकीत, एका जागेवर, एका बाईच्या पगारातून उरकण्याची पाळी आली. मंडळाचा हेतू चांगला होता, याविषयी आम्हाला शंका नाही.

शाळा-मंडळाने सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली आणि १९९७ च्या जूनमध्ये त्या न्यायालयाने प्रकरण ऐकण्याचे मान्य केले. मग देशभर धास्ती पसरली ती मंडळाच्या विरोधकांत नव्हे, तर मित्रांत! नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांनी हिशेब केला. एका शिक्षिकेची नोकरी गेली, जुन्या भेदभावाचा पुरावा नाही, योजनेला सीमा नाही. इतक्या कच्च्या पायावर लढून हरलो, तर नोकरीत घेतानाच्या चांगल्या योजनाही साऱ्या देशात कोसळतील. क्लिंटन सरकारनेही आता मंडळाची कड सोडली आणि निकाल शिक्षिकेच्या बाजूनेच, पण अगदी मर्यादित कारणांवर द्यावा, असे न्यायालयाला कळवले.

१९९८ च्या जानेवारीत सुनावणी व्हावयाची होती. त्याआधीच, नोव्हेंबर १९९७ मध्ये, शाळा-मंडळाने पाच विरुद्ध तीन मतांनी तडजोड मान्य केली. वकिलांच्या फीसह ४ लाख ३३ हजार ५०० डॉलर द्यावयाचे ठरले. यातील सुमारे ७० टक्के रक्कम ब्लॅक लीडरशिप फोरम या कृष्णवर्णीय नेत्यांच्या मंचाने उभी केली. म्हणजे ज्या चळवळीने त्या शिक्षिकेला काढले नव्हते, ती तिला कधी भेटलीही नव्हती, तिने तिच्या भरपाईचा मोठा वाटा उचलला. यात डावपेच होता, हे कोणी नाकारले नाही. परंतु आठ वर्षांपूर्वी एका बाईवर पडलेला बोजा अखेरीस अनेकांनी वाटून घेतला, हेही त्यात घडले. त्या दोघी शिक्षिका त्या वेळी एकाच शाळेत, एकाच विभागात शिकवत होत्या.

त्यानंतर कायदा पुष्कळ बदलला आहे, तो थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांमध्ये विविधता असणे हे विद्यापीठांसाठी रास्त कारण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली म्हटले होते. २०२३ साली त्याच न्यायालयाने प्रवेशात वंश पाहण्याची पद्धत बंद केली. सरकारी कंत्राटदारांनी अल्पसंख्याकांना नोकरीत आणण्यासाठी योजना कराव्यात, हा अध्यक्ष जॉन्सन यांचा १९६५ चा हुकूम अध्यक्ष ट्रम्प यांनी २०२५ च्या जानेवारीत रद्द केला. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की बहुसंख्य समाजातील माणसाने भेदभावाची तक्रार केली तर त्याच्याकडून इतरांहून जास्त पुरावा मागता येणार नाही. १९६४ च्या कायद्याचे सातवे प्रकरण मात्र कायम आहे. जाहिरात दूरवर पोहोचवणे, जेथून अर्ज येत नाहीत तेथे जाऊन बोलावणे, आणि कामाशी संबंध नसलेली अट काढून टाकणे, याला त्याची हरकत नाही.

दुसऱ्या रविवारसाठी गृहपाठ असा द्यावा. वर्गातील दोघा-तिघांनी आपल्या नगरपालिकेच्या, शाळेच्या किंवा एखाद्या सहकारी बँकेच्या अलीकडच्या एका जागेची जाहिरात मिळवावी. ती कोणत्या भाषेत निघाली, कोठे लागली, किती दिवस लागली, अर्जाबरोबर काय काय मागितले, हे एका कागदावर लिहून आणावे. मग त्यातील प्रत्येक अट घेऊन हॅरिसनच्या न्यायालयाने विचारला तोच प्रश्न विचारावा: या अटीवाचून हे काम करताच येणार नाही काय? आपल्या मंडळीच्या शाळेत किंवा दवाखान्यात नुकतीच एखादी जागा भरली असेल, तर तीही त्याच यादीत घ्यावी. फक्त कोणाची नेमणूक झाली त्याचे नाव वर्गात निघू देऊ नये. जाहिरात आणि अटी यांवरच बोलावे.